फायब्रोमायल्जियासाठी दादरची फिजिओथेरपी : माझा अनुभव

फायब्रोमायल्जियासाठी (अंगभर सतत दुखणं आणि थकवा आणणारा आजार) फिजिओथेरपी शोधत असाल, तर आधी एक बघा : व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, हे तिथे कोणी विचारतं का? दादर पश्चिमेच्या या छोट्या सेंटरमध्ये विचारतात, म्हणून आवर्जून लिहितेय.

माझे ईएसआर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), थायरॉइड सगळे रिपोर्ट नॉर्मल. हा आजार रक्ततपासणीत दिसतच नाही, पण घरच्यांना ते पटवता पटवता नाकी नऊ येतात. रुमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांनी, प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध दिलं. झोप सुधारली, पण सकाळच्या गर्दीत लोकलमधून उतरताना गरगरायचं, वजनही वाढलं. डॉक्टरांनीच डोस कमी केला (ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका) आणि व्यायामावर भर द्यायला सांगितलं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली या आजारात ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची.

पण कसला व्यायाम? आधीच्या एका ठिकाणी पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले आणि पहिल्याच दिवशी वजनं उचलायला लावली. त्यानंतर मी अंथरुणच धरलं. फोन केला तर म्हणे, सवय होईल.

इथल्या ताईंनी आधी माणसाच्या आकृतीचा कागद दिला आणि दुखतं तिथे रंगवायला सांगितलं. मग झोपेबद्दल, थकव्याबद्दल विचारलं, नावं-आकडे विसरायला होतं का तेही विचारलं. सुरुवात शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत ५ मिनिटं चालण्यापासून. दुखणं वाढलं तर वेळ वाढवायची नाही, पण चालणं सोडायचंही नाही. एकदा मानेचा व्यायाम घेताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच हात काढला. "आज इथे ताण नको. खांदे सैल सोडा, नुसता श्वास घ्या," म्हणाल्या आणि वहीत लिहून ठेवलं. पुढच्या वेळी वही उघडून तिथूनच सुरुवात केली.

दुखणं गेलेलं नाही. पावसाळ्यात तर अजूनही वाईट दिवस येतात. पण आता घरच्या सगळ्यांच्या पोळ्या एका दमात लाटते, आणि दादरहून बोरिवलीपर्यंत उभं राहावं लागलं तरी निभावतं.

एका वेळचे ६०० रुपये, पॅकेजची सक्ती नाही. जागा मात्र पहिल्या मजल्यावर, जिना उभा आणि लिफ्ट नाही. गुडघ्याचे पेशंट कठड्याला धरून चढताना बघवत नाही. याचं त्यांनी काहीतरी करायलाच हवं. संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात, आधी फोन करून जा.