प्रफुल्लचंद्र रायांचा रसायनाचा इतिहास: जुने दोन खंडच घ्या

आचार्य प्रफुल्लचंद्र राय (१८६१-१९४४) यांच्या ‘अ हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री’चा पहिला खंड १९०२ साली निघाला, दुसरा १९०९ साली. एडिंबरोची डी.एस्सी. घेऊन आलेला, कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात मर्क्युरस नायट्राइट हे पाऱ्याचं संयुग बनवणारा माणूस पोथ्या उघडून बसला, हीच या पुस्तकाची खरी ताकद. भट्टीजवळ उभं राहून वाचावं, तसं ते वाचतात.

रसरत्नसमुच्चय या रसशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथातली जस्ताची कृतीच बघा. रसक म्हणजे जस्ताचं खनिज. ते हळद, हिरडा, राळ, काजळी, टाकणखार, मीठ आणि पावपट बिब्बा यांच्यासोबत आंबट रसात खलायचं. नळी असलेल्या वांग्याच्या आकाराच्या मुशीला, म्हणजे धातू गाळायच्या भांड्याला, त्याचा आतून लेप द्यायचा, उन्हात वाळवायचा, तोंडावर दुसरी मूस पालथी घालून तापवायचं. निळी ज्योत पांढरी झाली की चिमट्यानं मूस उचलून नळी न मोडता जमिनीवर उपडी धरायची. कथलासारखं चकचकीत सत्त्व, म्हणजे जस्त, गळतं.

रसायन अगदी चोख आहे. हळद-राळेचा कोळसा होतो आणि तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. निळी ज्योत कार्बन मोनॉक्साइडची. पांढरी झाली म्हणजे जस्ताची वाफ जळायला लागली. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे मुशीत ते वाफ होऊनच सुटतं. त्या वाफेला हवा लागली, की हाती नुसती पांढरी राख. म्हणून तर मूस उपडी करायची! राजस्थानातल्या जावरला पुढे उत्खननात अशाच वांगीमुशी आणि खाली वाफ निववायची सोय असलेल्या भट्ट्या निघाल्या. हा पुरावा रायांपुढे नव्हता.

रायांनी दिलेले जुन्या ग्रंथांचे काळ मात्र जपून घ्या. बरेच आज वादात आहेत. कारागीर आणि पंडित जातीनं दुरावले नि प्रयोग थांबले, हे पहिल्या खंडातलं प्रकरण चुकवू नका. दुसऱ्या खंडात तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांचा भौतिक-रासायनिक कल्पनांवरचा लेख आहे. जड आहे, सवडीनं वाचा.

प्रियदारंजन रायांनी १९५६ साली संपादित केलेली आवृत्ती चाळायला सोयीची, पण तिच्यात नवी भर आहे. प्रफुल्लचंद्रांचंच म्हणणं हवं तर जुने खंड. त्यांत मूळ संस्कृत उतारेही आहेत. भाषांतरासोबत ते ताडून पाहा. सुश्रुतातला ‘क्षार’ मृदू असेल तर तो कार्बोनेट, चुना घालून तीक्ष्ण केला की दाहक अल्कली. शब्द एक, पदार्थ दोन.