क्रायो: वेग खरा, पण मोजमाप नीट हवे

ऑब्जेक्टचे बाइटमध्ये रूपांतर करण्याची सोय १९९७ सालच्या जेडीके १.१ पासून जावातच आहे, तरीही कॅशेमध्ये किंवा नेटवर्कवरून लाखो ऑब्जेक्टची ने-आण करायची असते तेव्हा मी हेच काम करणारी क्रायो ही वेगळी लायब्ररी निवडतो. कारण समजायला एक छोटा प्रयोग पुरतो. ७ ही किंमत असलेला एकच इंटिजर ऑब्जेक्ट जावाच्या अंगभूत पद्धतीने लिहिला, तर ८१ बाइट होतात: त्यांत क्लासचे पूर्ण नाव, सुपरक्लासचे नाव, दोघांचे आवृत्तिक्रमांक, फील्डचे नाव आणि अगदी शेवटी चार बाइटांत खरी किंमत. क्रायोच्या आवृत्ती ५ मध्ये क्लासच्या नावाऐवजी वापरलेल्या क्रमांकासाठी एक आणि किमतीसाठी एक, असे दोनच बाइट लागतात. एकाच स्ट्रीममध्ये त्याच क्लासचे अनेक ऑब्जेक्ट लिहिले, तर अंगभूत पद्धतही हे वर्णन पुन्हा लिहीत नाही, त्यामुळे तिथे अंतर बरेच कमी होते. तुलना करणाऱ्याने ही बाब सांगितलीच पाहिजे.

वेग मात्र जेएमएच या जावा कोडचा वेग मोजण्याच्या साधनावरच मोजावा. साध्या लूपमध्ये जेआयटी कंपायलरने (प्रोग्राम चालू असतानाच कोड वेगवान करणारा जावाचा भाग) कोड सुधारण्याआधीचा संथ काळही निकालात मिसळतो, आणि न वापरलेले उत्तर तो कंपायलर गाळूनही टाकू शकतो. म्हणून तयार झालेला बाइट अ‍ॅरे बेंचमार्क मेथडने परत करावा. क्रायोचा ऑब्जेक्ट प्रत्येक फेरीत नव्याने बनवला, तर त्याच्या उभारणीचाच वेळ मोजला जातो. तो एकदाच बनवावा, पण थ्रेड-सेफ नसल्यामुळे, म्हणजे अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरणे सुरक्षित नसल्यामुळे, प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र द्यावा. सर्वांत जास्त फसगत होते ती रेफरन्सच्या, म्हणजे तोच ऑब्जेक्ट पुन्हा आला तर तो पुन्हा न लिहिता आधीच्याचा निर्देश देण्याच्या, बाबतीत: अंगभूत पद्धत हे नेहमी सांभाळते, तर क्रायो ५ मध्ये ती सोय मुळात बंद असते. ती चालू करून घेतलेला निकालच मला न्याय्य वाटतो.

माझी तक्रार नोंदणीच्या क्रमाबद्दल आहे. क्रायोमध्ये वापरायचे क्लास आधी नोंदवायचे असतात आणि त्यांना क्रमांक नोंदणीच्या क्रमाने मिळतात. आमच्या एका प्रकल्पात लिहिणाऱ्या सेवेत मध्येच एक नवा क्लास नोंदवला गेला आणि वाचणारी सेवा पुढचे सगळे क्रमांक चुकीचे लावू लागली. तेव्हापासून मी प्रत्येक क्लासला क्रमांक हाताने देतो. शिवाय क्रायोचा नेहमीचा फील्ड सिरियलायझर (ऑब्जेक्टची फील्ड लिहिणारा-वाचणारा भाग) क्लासमध्ये फील्ड वाढवणे किंवा काढणे सोसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे जपायच्या नोंदींसाठी मी प्रोटोबफ हे डेटा साठवण्याचे दुसरे स्वरूप वापरतो आणि क्रायो अल्पायुषी कॅशेपुरते ठेवतो.