वाशिष्ठीच्या गाळाचं वय काढायचंय: शिसं, सिझियम की कार्बन?

जुलै 2021 च्या पुरानंतर वाशिष्ठीचा गाळ हा चिपळुणात घराघरातला विषय झाला. खाडी कधीपासून भरत आली? 1962 च्या सुमारास कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, या नदीत येऊ लागलं. त्याआधी गाळ साचण्याचा वेग किती होता आणि नंतर किती झाला? हे सांगायचं तर तिवरांच्या आडोशाला पाइप रोवून गाळाचा उभा कोअर, म्हणजे थर न मोडलेला अखंड स्तंभ, काढायचा आणि त्याच्या थरांना वर्षं लावायची. पद्धती चार आहेत, आणि पैसे बहुधा एकीपुरतेच असतात.

प्रश्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा असेल, तर माझा कौल शिसे-210 या किरणोत्सारी शिशाला. हवेतल्या रेडॉन वायूपासून तयार झालेलं हे शिसं पावसाबरोबर उतरतं, गाळाच्या कणांना चिकटतं आणि साधारण दर 22 वर्षांनी निम्मं होतं. गाळातल्या रेडियममुळे जागच्या जागी तयार होणारं शिसं त्यातून वजा करावं लागतं. तलावांच्या गाळासाठी ही पद्धत 1971 मध्ये मांडली ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल यांनी, फ्रेंच सहकाऱ्यांसोबत. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

शिशाचे आकडे हाती आले की गणित कुठलं वापरायचं हा प्रश्न येतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सोपं गणित गाळ एकाच वेगाने साचला असं धरून चालतं. म्हणजे ज्या प्रश्नासाठी चिखलात उतरलो, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं! आलेखात सरळ रेषा देखणी बसते आणि कोयनेआधीचा-नंतरचा फरक तिच्यात पुसला जातो. ॲपलबी आणि ओल्डफिल्ड यांचं 1978 चं गणित वेगाला बदलू देतं. त्याची अट अशी, की त्या जागी दरवर्षी येणारं शिसं सारखं असावं. खाडीत ही अटही डळमळते: भरती समुद्राकडून शिसं आणते, पूर डोंगरातली माती आणतो. एका पुरात वीतभर गाळ पडला, तर त्या थरात शिसं विरळ होतं. शिवाय शिसं संपेपर्यंत कोअर खोल गेला नसेल, तर खालची वयं फुगतात. तरीही घ्यायचं ते हेच, मात्र दुसरा साक्षीदार सोबत ठेवून.

तो साक्षीदार सिझियम-137, हेही किरणोत्सारी. अणुचाचण्यांतून जगभर पडलेल्या सिझियमचं शिखर 1963 चं, म्हणजे अवजल सुरू झालं त्याच्या अगदी लगतचं. ते शिखर सापडलं, तर त्याच्या वरचा सगळा गाळ कोयनेनंतरचा. पण एकट्या सिझियमवर भिस्त नको. त्याचं अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा काळ) 30 वर्षांचं, त्यामुळे 1963 चं आज पाव हिस्साही उरलेलं नाही; आपल्या अक्षांशांत ते मुळात पडलंही कमी; आणि खाऱ्या पाण्यात कणांना सोडून सरकतं. तरी गाळातून निघणारे गॅमा किरण मोजून घेतलेत तर शिसं आणि सिझियम एकाच नमुन्यातून मिळतात, त्यासाठी नमुना हवाबंद करून तीन आठवडे थांबावं लागलं तरी चालेल. त्याऐवजी अल्फा कण मोजायचे तर गाळ थोडा पुरतो, पण सिझियम हाती लागत नाही.

कार्बन-14, म्हणजे पानं-शिंपल्यांतला किरणोत्सारी कार्बन, हजारो वर्षांच्या प्रश्नासाठी. गेल्या तीनशे वर्षांसाठी घेऊच नका, एकाच मोजमापाशी अनेक वेगवेगळी सालं जुळतात. शिंपला आणि पान दोन्ही मिळाले तर पान पाठवा. शिंपल्यात समुद्राचा काही शतकं जुना कार्बन असतो.

चौथी पद्धत प्रकाशावरून वय काढायची: कण शेवटचे उजेडात कधी होते ते ती सांगते. तिला बहुधा क्वार्ट्झचे कण लागतात, आणि दख्खनच्या काळ्या दगडातून आलेल्या गाळात ते फार थोडे. कासार्डेसारखी सिलिका वाळू असलेल्या सिंधुदुर्गात तिचा विचार करावा.

जागा निवडताना वाळूउपसा झालेला पट्टा आणि खेकड्यांच्या बिळांनी चाळण झालेला चिखल टाळा. थर ढवळले गेले की कुठलीच पद्धत उपयोगाची नाही. आणि वेग सेंटिमीटरमध्ये मांडू नका. वरचा गाळ पाणीदार, खालचा दबलेला, त्यामुळे अलीकडे वेग वाढलाय असंच दिसणार, कोयना असो वा नसो. प्रत्येक काप वाळवून वजन करा, आणि दर चौरस सेंटिमीटरला वर्षाला किती ग्रॅम गाळ साचला ते लिहा.