कंपनीला आत घ्यायचं, पण कुठल्या कागदावर? डीसीओ की सीएलए

मुंबईतला एखादा गट मराठी शुद्धलेखन तपासनीस मुक्त स्रोतात (कोड सगळ्यांना खुला ठेवून) बांधतोय आणि बंद सॉफ्टवेअर विकणारी कंपनी मदत देऊ करते. घ्यावी का? घ्यावी. जीपीएलसुद्धा (कोड बदलून वाटला तर तोही खुलाच ठेवायला लावणारा परवाना) कुणाला कोड वापरण्यापासून अडवत नाही, मग दार लावून काय मिळणार? खरा प्रश्न कागदाचा: कोड देणाऱ्याकडून डीसीओ घ्यायचा, म्हणजे ‘हा कोड द्यायचा हक्क मला आहे’ एवढीच ग्वाही, की सीएलए, म्हणजे प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेला कोडवर हक्क देणारा करार?

मेहनत: डीसीओत प्रत्येक कमिटखाली (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाखाली) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची एक ओळ लागते. गिटला (बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट करताना ‘एस’ हा पर्याय दिला की ती आपोआप येते. विसरलात तर रीबेस करून (जुन्या नोंदी पुन्हा लिहून) पुन्हा पुश करा (वर चढवा). लिनक्स कर्नल २००४पासून यावरच चालतो. सीएलए म्हणजे रीतसर करार. नोकरदाराला बहुधा आधी कंपनीची परवानगी, मग सही, शिवाय नोंदी सांभाळणारं कुणीतरी हवं. दोन ओळी दुरुस्त करायला आलेला विद्यार्थी इथेच गळतो.

धोका: सीएलएमुळे बहुतेकदा एकाच संस्थेला इतकी मोकळीक मिळते की ती उद्या परवानाही बदलू शकते. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३मध्ये टेराफॉर्म हे सर्व्हर वगैरे उभारायचं साधन एमपीएल या मुक्त परवान्यावरून बीएसएल या व्यावसायिक वापरावर बंधनं घालणाऱ्या परवान्यावर नेलं. त्यातून जुन्या मुक्त कोडवर वेगळा चालणारा ओपनटोफू हा फाटा फुटला. जीपीएल आणि डीसीओ एकत्र असतील तर हक्क विखुरलेले राहतात, परवाना बदलायला सगळ्यांचा होकार लागतो. पण परवानाच सैल, म्हणजे कोड बंद उत्पादनातही वापरू देणारा असेल तर डीसीओ काय करणार? रेडिस हे डेटाबेस सॉफ्टवेअर बीएसडी या अशाच सैल परवान्याखाली होतं, तरी मार्च २०२४मध्ये पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदललाच.

स्वयंसेवकांच्या गटाला जीपीएल आणि डीसीओ बरं. मुक्त आणि व्यावसायिक असे दोन परवाने विकणाऱ्याला सीएलएच लागेल, फक्त हेतू आधी सांगावा. अपाचेसारखी नफा न कमावणारी संस्था सीएलए मागत असेल, तर सही करायला हरकत नाही.