सेकंडहँड जेट पुण्यातून उडवायचं तर : हॉकर 900एक्सपी की सायटेशन एक्सएलएस प्लस?

चाकणच्या एका कारखानदार स्नेह्यांपुढे सध्या दोन विमानांची कागदपत्रं आहेत. दोन्ही 2009 ची, दोन्ही आठ-नऊ जणांची. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न आता पुण्यात बरेच जण विचारतात.

आधी डायरी काढा. लोहगावहून दिल्ली साधारण 1,150 किलोमीटर, दुबई 2,050, सिंगापूर 3,800. एक्सएलएस प्लसचा पल्ला 3,400 किलोमीटरच्या आसपास, हॉकरचा 5,000 च्या. म्हणजे सिंगापूर एका दमात गाठायचं तर हॉकरच. एक्सएलएस प्लसला वाटेत चेन्नईला इंधन घ्यावं लागेल. स्नेह्यांनी गेल्या वर्षीचे दौरे मोजले : सिंगापूर दोनदा, दिल्ली महिन्याला तीनदा. तिथेच पारडं एक्सएलएस प्लसकडे झुकलं.

केबिनमध्ये मात्र हॉकर सरस आहे, हे मान्यच करावं लागतं. रुंदी सहा फूट आणि जमीन सपाट. एक्सएलएस प्लसची रुंदी साडेपाच फूट. उभं राहायला उंची मिळावी म्हणून मधली वाट खोलगट केलेली आहे, त्यामुळे खुर्चीत बसता-उठता पाऊल खाली-वर होतं. दुबईच्या तीन तासांत वयस्कर माणसाला हा फरक कळतो. सामानाचं उलट आहे. एक्सएलएस प्लसच्या शेपटीकडे बाहेरून उघडणारा सुमारे 80 घनफुटांचा कप्पा आहे. हॉकरमध्ये बरंचसं सामान केबिनमध्येच ठेवावं लागतं. सुट्या भागांच्या नमुन्यांच्या पेट्या नेणाऱ्याने हे आधी पाहावं. इंधनही हॉकर जास्त पितं : एक्सएलएस प्लस तासाला 800 लिटरच्या आसपास, हॉकर हजाराच्या. लोहगावची धावपट्टी दोघांनाही पुरते, पण धुळ्यासारख्या लहान पट्टीवर मे महिन्याच्या उन्हात मी एक्सएलएस प्लसवरच विसंबेन.

हॉकर बनवणाऱ्या कंपनीने 2012 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, म्हणून लोक सुट्या भागांची धास्ती घेतात. ती अवाजवी आहे. 2014 पासून हॉकर आणि सेसना (सायटेशन बनवणारी कंपनी) दोन्ही टेक्स्ट्रॉन या एकाच अमेरिकी उद्योगसमूहाच्या छत्राखाली आहेत.

खरा पैसा कागदांत अडकतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर 40 टक्के जीएसटी आहे, इतर वापराच्या विमानावर 5 टक्के. फक्त स्वतःसाठी घ्यायचं की परवाना काढून चार्टरला, म्हणजे भाड्यानेही द्यायचं, हे सौद्याच्या आधी ठरवा; परवाना घेतला की माणसं, मॅन्युअलं आणि तपासण्यांचा पसारा सांभाळावा लागतो. परदेशातून आणायच्या जुन्या विमानाला डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची) वयाची अट असते, तीही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पाहून घ्या. आधीच व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणी असलेलं विमान मिळालं तर आयातीचा हा फेरा वाचतो. आणि लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे वेळा आणि पार्किंग तुमच्या मर्जीवर चालत नाहीत. विमान रात्री कुठे उभं राहणार, ते लेखी हातात घ्या.

आता तपासणी. मागे एका विमानाचा रंग आरशासारखा चमकत होता आणि विकणाऱ्याच्या कागदावर 'गंज नाही' असं लिहिलेलं. शौचालयाखालचा गालिचा उचलला तर तळाच्या पॅनेलचे स्क्रू फिरेनात. पॅनेल निघालं तेव्हा खाली ॲल्युमिनियमवर पिठासारखी पांढरी भुकटी. बोटाने घासली तर पत्र्याला खड्डे. वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी. समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या विमानात हे आणखी वाढतं.

इंजिनांचं तसंच. उड्डाणाच्या तासागणिक पैसे भरायचा देखभालीचा इंजिन प्रोग्रॅम चालू आहे का आणि हप्ते थकलेत का, याचं पत्र इंजिन कंपनीकडूनच मागवा. प्रोग्रॅमबाहेरच्या इंजिनांचं ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) जवळ आलं असेल, तर स्वस्तात मिळालेलं विमान स्वस्त राहत नाही. स्नेह्यांच्या हॉकरची किंमत कमी आहे ती याचमुळे, म्हणून माझं मत एक्सएलएस प्लसला. सिंगापूरच्या फेऱ्या महिन्याला एक असत्या, तर प्रोग्रॅममधला हॉकर शोधा म्हटलं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा इंजिनिअर एक्सएलएस प्लस बघायला जातोय. लॉगबुक उघडण्याआधी शौचालयाखालचा गालिचा उचल, एवढं त्याला बजावून ठेवलंय.