बेळगावच्या चढाला ई-सायकल घेताय? आधी कपिलेश्वर पुलावर नेऊन बघा

दिसायला पण झक्कास पायजे आणि चढाला दम पण पायजे, अशी ई-सायकल शोधणारी माणसं आता आमच्या बेळगावात लई झालीत आणि मी त्यातलाच एक. उद्यमबागेत मशीन शॉपला काम करतो, घर येळ्ळूरच्या बाजूला, रविवारी राजहंसगड चढायची सवय. अख्खा पावसाळा सायकल चालवून झाल्यावर हे लिहायलोय. गाडी मला आवडलीय आणि पैसे वसूल आहेत, हे आधीच सांगून टाकतो. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण ही मॉडेलं सारखी बदलायलेत, नाव बघून घेतलं तर पुढच्या वर्षी त्याच नावाच्या गाडीत वेगळीच मोटर असायची. त्यापेक्षा काय बघून घेतली ते सांगतो.

बेळगाव म्हणजे काय घाट नव्हे, मोटरसायकलवरनं जाताना तर सगळं सपाटच वाटतंय. पण सायकलवर बसून शहापुराकडनं कपिलेश्वर उड्डाणपूल चढा, मागं बस हॉर्न मारायलीय आणि पुढं रिक्षा थांबलीय अशात, मग कळतंय. वेंगुर्ला रोडला हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला गेलात तर सारखं वर-खाली, खानापूर-जांबोटी रोडला पण तसंच. देवरवाडीच्या वैजनाथला जाणारा रस्ता तर सोडाच, आणि निपाणीकरांना तवंदी घाट काय ते मी सांगायला नको.

आता दुकानात गेलात की पयला शब्द कानावर येतो 250 वॅट. सगळ्याच गाड्या 250 वॅटच्या आहेत ओ, कारण कायद्यानं पासिंग, लायसन्स, इन्शुरन्स नको असेल तर मोटर 250 वॅटच्या आत, स्पीड ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत पायजे. त्यामुळं वॅट बघून काय फरक कळत नाही. विचारायचं ते टॉर्क, म्हणजे मोटरचा चाक फिरवायचा जोर, किती न्यूटन मीटर. आणि गिअर किती ते. साधा हिशोब बघा, माणूस आणि सायकल मिळून 100 किलो धरा, रस्ता 100 मीटर पुढं गेला की 8 मीटर वर जातो असा चढ धरा, तर नुसतं वजन वर ओढायलाच साधारण 78 न्यूटन जोर लागतो, वर टायरचं घर्षण वेगळं. मोटर 250 वॅट देणार, तुम्ही पायानं 80-90 वॅट दिलेत तर 12-13 च्या स्पीडनं आरामात वर जाता. पाय उचलून नुसता थ्रॉटल, म्हणजे हँडलवरची मोटर पळवायची मूठ, पिळलात तर स्पीड पडतो, स्पीड पडला की हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर, तिच्या कामाच्या फेऱ्यांच्या खाली जाते आणि बॅटरीतला करंट चाक फिरवायच्या ऐवजी मोटर तापवायला लागतो. म्हणून चढाला पॅडल मारायचंच, आणि पाय भरभर फिरावा म्हणून गिअर पायजेच. सिंगल स्पीडच्या गाड्या दिसायला एकदम सडसडीत, मागं गिअर-बिअर काय लटकत नाही, फोटोला तर लई भारी, पण आमच्याकडं त्या घेऊ नका. कॅम्पात आणि काँग्रेस रोडला फिरायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मी 7 गिअरची घेतली, 27.5 इंची चाकं, मागच्या चाकात हब मोटर, 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची बॅटरी फ्रेमच्या आत लपवलेली पण चावीनं बाहेर काढता येते. गडद हिरवा मॅट रंग. ऊन पडलं की एकदम साधा रंग वाटतो आणि ढगात उठून दिसतो. वायरी सगळ्या फ्रेमच्या आतनं गेल्यात त्यामुळं लांबनं बघणाऱ्याला साधी सायकलच वाटते. दिसणं महत्त्वाचं नाही म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. रोज जी गाडी दारात बघून बरं वाटतं तीच माणूस रोज बाहेर काढतो.

दुकानात एक खोललेली जुनी हब मोटर पडलेली होती, ती मी हातात घेऊन बघितली. आत बारकी मोटर मधी आणि तिच्या भोवती तीन पांढरे नायलॉनचे गिअर, ग्रीसनं माखलेले, त्यातल्या एकाचे दात एका बाजूनं खाल्लेले. मोटर आत जोरात फिरते आणि हे तीन गिअर तिची फेरी कमी करून जोर वाढवतात, त्यामुळंच एवढ्याशा डब्यातनं चढाला ताकद मिळते. पण नायलॉन ते नायलॉन. थांबलेल्या गाडीवर चढातच फुल थ्रॉटल मारत राहिलात तर सगळा झटका त्या दातांवर येतो. दुकानवाले मामा म्हणाले, "दोन पॅडल मारून मग थ्रॉटल द्या की ओ, मोटर तुम्हाला दुवा देईल." मी तेच करतो.

दुसरी गोष्ट सेन्सर. स्वस्तातल्या बहुतेक गाड्यांना पॅडलजवळ चुंबकाची चकती असते, पॅडल फिरलं हे तिला कळलं की मोटर सुरू, तुम्ही जोर किती लावलात ते तिला कळत नाही. सपाटाला चालतं, पण चढात थांबून परत निघताना ती पयली अर्धी फेरी तुमच्या गुडघ्यावरच येते. टॉर्क सेन्सरवाली गाडी पाय दाबला की लगेच साथ देते, चालवायला लई गोड, पण किंमत वर जाते. मधल्या पॅडलजवळ मोटर असलेली मिड-ड्राइव्ह तर चढाला राजाच, कारण ती सायकलचेच गिअर वापरते, पण ते बजेट माझ्यासारख्याचं नव्हे. माझ्या गाडीला चकतीवाला सेन्सर आणि सोबत थ्रॉटल आहे, त्यावर निभतंय.

बॅटरीचं पण दुकानात मोठं गाणं असतंय, 60 किलोमीटर, 70 किलोमीटर. ते आकडे सपाट रस्ता, हलका माणूस आणि सगळ्यात कमी असिस्टचे, म्हणजे मोटरची मदत कमीत कमी घेतलेले. माझी बॅटरी 36 गुणिले 10 म्हणजे 360 वॅट-अवरची, बॅटरीत एवढी वीज मावते. 100 किलो वजन 100 मीटर उंच न्यायला शुद्ध 27 वॅट-अवर लागतात, मोटरमधलं नुकसान धरून 40 च्या आसपास समजा. म्हणजे गडाचा चढ बॅटरीला जड नाही, समोरचा वारा आणि सारखं थांबून निघणं त्याच्यापेक्षा जास्त खातंय. किलोमीटर विचारू नका, वॅट-अवर विचारा, आणि सेल कुठल्या कंपनीचे ते पण.

चढण्यापेक्षा उतरताना मला जास्त काळजी वाटते, खरं सांगायचं तर. 22-24 किलोची गाडी, वर आपण, गडावरनं खाली येताना ओल्या रस्त्यावर. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक पायजेच, आणि ब्रेकच्या दांडीला मोटर बंद करणारा स्विच आहे का ते दुकानातच बघा, चाक उचलून थ्रॉटल द्या आणि ब्रेक दाबा, मोटर तटकन थांबली पायजे. केबलच्या डिस्कला पावसात चिखल बसून केबल जड होते, दर महिन्याला ताण बघायला लागतो. लांब उतार असेल तर ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा सोडायचा, पॅड तापून गुळगुळीत होतात.

पाऊस म्हटलं की आणि एक, या स्टायलिश गाड्यांना मडगार्ड बहुतेक नसतातच किंवा नावापुरते असतात. येळ्ळूर रोडची लाल-काळी राड पाठीवर सरळ पट्टा ओढते. मी लांब मडगार्ड वेगळे बसवून घेतले, दिसण्यात थोडं कमी झालं पण शर्ट वाचला. पाण्यापासून बचावाचा दर्जा IPX4 लिहिला असेल तर शिंतोड्यांपुरतं, पाण्यात बुडवायचं ते नाही. IP67 असेल तर उत्तम. प्रेशरचं पाणी मारून धुऊ नका. बॅटरी भिजून आली तर पुसून, सुकवून मग चार्जिंगला लावा.

घरात बायकांना पण चालवायची असेल तर मधला दांडा खाली असलेली फ्रेम बघा. आमच्या हिला शहापुरात फॉल-पिकोच्या साड्या पोचवायला लागतात, साडी नेसून उंच दांड्यावरनं पाय टाकायचा म्हणजे त्रासच, म्हणून तिच्यासाठी वहिनीची तशी फ्रेमवाली गाडी मागून बघितली. बसायला-उतरायला एकदम सोपी, बास्केट पण छान दिसते. पण त्या मॉडेलला बॅटरी मागं कॅरिअरखाली, त्यावर साड्यांचा गठ्ठा, मग पुलाच्या चढाला पुढचं चाक हलकं पडून हँडल डुलायला लागतंय. गठ्ठा पुढच्या बास्केटमध्ये घातला की बरं चाललं. 20 इंची घडीच्या गाडीचं उलटं, बारक्या चाकाला तोच टॉर्क जास्त जोर देतो त्यामुळं चढते मस्त, पण खड्ड्यात दाणदिशी आदळते.

बाजारात हिरो लेक्ट्रो आहे, पुण्याची ईमोटोराड आहे, बाकी पण बऱ्याच. कुठलीही बघा, फक्त दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून पैसे देऊ नका. मी मामांना सरळ म्हटलं, मला पुलावर न्यायची आहे, तिथं चढात मध्येच थांबून परत उठवून बघणार, आणि बॅटरी बंद करून पण चढवून बघणार. ते व्हय म्हणाले. दुसऱ्या एका दुकानात मात्र चढाला नको म्हणाले आणि वर स्पीडचं लॉक काढून 35 नं पळवून देतो असं आमिष दाखवलं. असं करून घेऊ नका, 25 च्या वर गेली की कायद्यानं ती सायकल राहत नाही, उद्या कुणाला धडकलात तर कोण बघणार?

आणि पैसे मोजायच्या आधी विचारा, वॉरंटी संपल्यावर नवीन बॅटरी कितीला पडेल, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) आणि डिस्प्ले बेळगावातच मिळतो का पुण्या-बेंगळूरहून मागवायचा, किती दिवस लागतील. माझ्या मामांनी बॅटरीची किंमत बिलाच्या मागं पेनानं लिहून सही करून दिली, तुम्हीपण लिहून घ्या.