म्हैसूरचं हँडल आणि कानडी पेपर

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला, म्हणजे तयार माल तपासायला आहे. दिवसभर हातात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. दोन शतांश मिलिमीटरच्या फरकावरून मी जॉब परत पाठवतो आणि ऑपरेटरची बोलणी खातो. हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, या माणसाला लोखंडातलं काही कळत नसणार. कळतं. तरीही साडेसहा हजार रुपये घालवले, आणि वाघबीळच्या घाटात त्याहून मोठं काहीतरी जाता जाता राहिलं.

गाडी वडिलांची. 1968 ची जावा 250, मरून रंगाची. तिला घरात कुणी जावा म्हणत नाही, 'अण्णांची गाडी' म्हणतात. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली, नाव बदललेलं नाही. या गाड्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून तयार व्हायला लागल्या, पुढं त्यांचं नाव येझदी झालं आणि 1996 साली कारखाना बंद पडला. हे 1996 लक्षात असू द्या.

गेल्या वर्षी मार्चमध्ये पुतण्या गाडी घेऊन गेला आणि रंकाळ्यापाशी वाळूवर घसरला. पोराचा कोपर खरचटला. हँडल मात्र उजव्या बाजूनं वाकलं, आणि मुठीपाशी बारीक तडा दिसायला लागला. मिस्त्रींनी नख फिरवून बघितलं आणि म्हणाले, "सरळ करून देतो, पण चालवू नका. वाकवून सरळ केलेला पाईप पुन्हा तिथंच जातो."

आता जावाचं हँडल म्हणजे नुसता वाकवलेला पाईप नव्हे, आणि माझी फसवणूक नेमकी इथंच झाली, म्हणून जरा थांबून सांगतो. बुलेटला एक्सलेटरची केबल बाहेरून येते आणि मुठीच्या मुळाशी अडकते. जावाची केबल हँडलच्या पोटातून जाते. उजव्या टोकाला पाईपमध्येच एक लांबट खाच असते. त्या खाचेत एक छोटा स्लायडर पुढं-मागं सरकतो. मुठीच्या आतल्या नळीला मळसूत्रासारखी खोबण असते. मूठ पिळली की खोबण स्लायडरला ओढते आणि स्लायडर केबलला. म्हणजे पाईप हाच एक्सलेटरचा भाग. खाचेची कड खरबरीत असेल तर स्लायडर अडकणार. खाचेची टोकं गोल नसून काटकोनात कापलेली असतील तर तडा तिथूनच सुरू होणार. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं.

पुतण्याचं म्हणणं, सपाट बुटकं हँडल टाकू, कॅफे रेसर करू, म्हणजे वाकून चालवायची शर्यतीच्या थाटाची गाडी. मिस्त्रींनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. "सोळा इंची चाकं, मुळातच बुटकी गाडी. त्यात आणि वाकून कुठं शर्यतीला जाणार?" मग त्यांनी त्याला गाडीपाशी नेऊन दाखवलं. हँडल पूर्ण एका बाजूला वळवायचं आणि मूठ व टाकी यांच्या मध्ये अंगठा मावतो का बघायचं. अंगठा चेपला तर ते हँडल कितीही देखणं असू दे, गल्लीत वळण घेताना तुम्हाला खाली घेणार. उलट उंच हँडल घेतलं तर केबली पुरत नाहीत. ताणून बसवल्या की वळवताना रेस आपोआप चढते, क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहतो. दुकानात हँडल छातीपाशी धरून "मस्त आहे" म्हणणारे यातलं काहीच बघत नाहीत. कंपनीनं दिलं होतं त्याच मापाचं, त्याच वळणाचं घ्या, हा मिस्त्रींचा निकाल.

मला आणखी एक कारण होतं. 2021 पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर घेता येतो, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. तो नंबर घ्यायचं डोक्यात होतं, आणि मूळ स्वरूप हे दोन शब्द एकदा डोक्यात बसले की माणूस बावळट होतो.

पुण्यात नाना पेठेत नवीन बनावटीची हँडलं मिळतात, त्यांची चौकशी केली होती. दुकानदारानं फोनवर सरळ सांगितलं, "हे आत्ताचं मेक आहे, कंपनीचं नाही." मला तेच कमीपणाचं वाटलं. खरं बोलणाऱ्याला मी नको म्हटलं.

आणि मग मोबाईलवर ती जाहिरात दिसली. 'जावा ओरिजिनल हँडल, म्हैसूर फॅक्टरी स्टॉक, कधीही न वापरलेलं.' फोटोत चकचकीत हँडल, खाली हिरवी मोझॅकची फरशी, कोपऱ्यात अर्धा दिसणारा पिवळा प्लास्टिकचा टब. मी मेसेज टाकला. पाच मिनिटांत फोन. माणूस गोड बोलणारा, अस्सल मराठी. त्याचे मामा म्हणे म्हैसूरच्या कारखान्यात स्टोअरला होते. कारखाना बंद झाला तेव्हा कामगारांनी जे मिळेल ते उचललं, मामांच्या वाट्याला चार पेट्या आल्या. मामा गेले, मामींना घर रिकामं करायचंय. "दादा, धंदा नाही हा. मामांचा माल चांगल्या घरात जावा एवढंच." मी अण्णांबद्दल सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मग तुम्हालाच देणार."

आता आठवलं की कान गरम होतात. मी त्याला खाचेचा जवळून फोटो मागितला होता. त्यानं पाठवला, आणि खाच अगदी व्यवस्थित होती. फक्त त्या फोटोतली फरशी पांढरी होती. मी माप विचारलं तर म्हणाला, "कंपनीचं आहे, माप काय बघायचं?" व्हर्नियर लावून फोटो टाका म्हटलं तर त्याच्याकडं व्हर्नियर नव्हता. ठीक आहे, प्रत्येकाकडं नसतो. पण स्वयंपाकघरातला वजनकाटा असतो ना! नुसतं वजन जरी विचारलं असतं तरी पुढचं टळलं असतं, कारण पातळ पाईप वजनात लगेच उघडा पडतो. मी विचारलं नाही. दर आधी आठ हजार होता, माझ्यासाठी साडेसहा झाला. टोकन एक हजार लगेच, कारण बंगळूरूचं एक गिऱ्हाईक थांबलंय. यूपीआयवर नाव बाईचं आलं. "मामींचं खातं," तो म्हणाला. बाकीचे साडेपाच हजार कुरियरची पावती दाखवल्यावर दिले. पावती खरी होती, म्हणून मला तो माणूसही खरा वाटला. बिलाचा विषय मी काढलाच नाही. मामांच्या आठवणीचं बिल कसं मागायचं?

आठ दिवसांनी पार्सल आलं. ग्रीस लावलेलं हँडल, त्यावर मेणकागद, त्यावर पिवळा पडलेला कानडी पेपर. पेपर बघून मी इतका हरखलो की बायकोला बोलावून दाखवलं. म्हैसूरचा पेपर! तिनं घडी घालून तो फळीवर ठेवून दिला.

हँडल मी ऑफिसला नेलं नाही. रविवार होता, सोमवारी नेता आलं असतं. मोजायचं धाडसच झालं नाही असंही असेल, आतून कुठंतरी माहीत असतं माणसाला. मिस्त्रींनी बसवताना दोनदा कुरकुर केली. मुठीची नळी चढत नव्हती, आतून पॉलिश पेपर मारावा लागला. "जरा जाड वाटतंय ओ," ते म्हणाले. मी म्हटलं, "नवं आहे, क्रोमचा थर असेल." क्वालिटीवाला बोलला, मिस्त्री गप्प बसले.

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जावा-येझदीवाल्यांचा दिवस. सगळीकडं लोक गाड्या बाहेर काढतात. आम्ही नऊजण पन्हाळ्याला निघालो. बारीक पाऊस, दोन सायलेन्सरमधून निळा धूर, रस्त्यावरची पोरं थांबून बघतायत. वाघबीळला चढण सुरू झाली तशी मी मूठ पिळली, आणि वळणाच्या आधी सोडली तर ती परत आलीच नाही. रेस तशीच. समोर वळण, त्यापलीकडं खाली येणारी एसटी. क्लच दाबला तर इंजिन असं किंचाळलं की आता फुटतंय. एका हातानं चावी बंद केली आणि कडेच्या चिखलात गाडी घातली. पडलो नाही. मागचे आठजण थांबले. कुणीतरी पाणी दिलं. माझे हात इतके कापत होते की बाटलीचं झाकण दुसऱ्यानं उघडलं.

सोमवारी हँडल ऑफिसला नेलं. जे चार महिन्यांपूर्वी पाच मिनिटांत करायचं ते आता केलं. बाहेरचा व्यास 22.2 मिलिमीटर. ते सात अष्टमांश इंच झाले, म्हणजे इंचातला पाईप. जावा मेट्रिक, तिचा 22. मूठ चढत नव्हती ती त्यामुळं. जुन्या हँडलच्या पाईपची जाडी दोनच्या आसपास, याची सव्वा मिलिमीटर. मधे क्लॅम्पमध्ये पकड बसावी म्हणून पाईपवर जे खरबरीत नर्लिंग पाडलेलं असतं ते याला नावालाच होतं, आणि क्लॅम्पमध्ये हँडल थोडं फिरल्याची रेघही उमटली होती. खाच ग्राइंडरनं मारलेली. कडेला कापताना उरलेली धारदार कंगोऱ्यासारखी बर तशीच, एका टोकाला ग्राइंडरचं पातं पुढं घसरल्याची खूण, आणि त्या खुणेतून निघालेला केसाएवढा तडा. क्रोम खाचेच्या आत कुठंच नव्हता. म्हणजे आधी क्रोम, मग खाच. कारखान्यात कुणी असं करेल का? कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं बाजारातलं स्वस्त हँडल घेऊन त्याला जावाची खाच पाडलेली होती, बस्स. ज्या ऑपरेटरला मी रोज बोलतो तो शेजारी उभा राहून बघत होता. काही बोलला नाही बिचारा. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

पेपरची गंमत पुढं आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी मूळच्या निपाणीच्या, त्यांना कानडी वाचता येतं. बायकोनं त्यांना तो पेपर दाखवला. तारखेचा भाग फाडलेला होता. मावशींनी चष्मा लावला, खालची जाहिरात वाचली आणि हसायला लागल्या. कोचिंग क्लासची जाहिरात होती, नीट परीक्षेच्या तयारीची. नीट पहिल्यांदा झाली 2013 साली. 1996 ला बंद पडलेल्या कारखान्याचा माल नीटच्या जाहिरातीत गुंडाळून आला होता! आणि पिवळेपणा चहाचा होता. उन्हाकडं धरला की कपाच्या बुडाची गोल कडसुद्धा दिसते.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, "फिटिंग चुकलं असेल." मग, "मी ओरिजिनल टाईप म्हटलं होतं." मग, "तुम्ही चार महिने वापरलं की दादा." मग नंबर लागायचा बंद झाला. जाहिरात आधीच काढलेली. माझ्याकडं बिल नाही, पत्ता नाही, खातं तिसऱ्याच नावाचं. 1930 या सायबर हेल्पलाइनचा उपयोग पैसे गेल्या गेल्या फोन केला तर जास्त होतो, पुढं खात्यात पैसे उरलेले असले तर अडवता येतात. मी चार महिन्यांनी केला. तक्रार नोंदवून घेतली, पुढं काही आलेलं नाही. दुकानाकडून बिलासह घेतलं असतं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 होती, ग्राहक आयोग होता. मामांच्या पेटीवर कुठला आयोग बसवणार?

2018 मध्ये जावा नाव नव्या कंपनीकडून बाजारात परत आल्यापासून हा प्रकार वाढलाय असं आमच्यातले जुने लोक म्हणतात. काही विक्रेते बिनदिक्कत सांगतात की कंपनी सुरू झाली म्हणून पार्ट यायला लागलेत. नवी जावा फोर स्ट्रोक, पूर्ण वेगळी गाडी. तिच्या सुट्या भागांचा आपल्या टू स्ट्रोकशी संबंध नाही. पण नाव एकच असल्यामुळं नवखा माणूस फसतो.

हँडल शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं, तिसऱ्या रविवारी. या वेळी खिशात व्हर्नियर होता, आणि पिशवीत जुना स्लायडर. ढिगाऱ्यातून काढलेलं, गंजलेलं, पण खाच साबूत. 22 मिलिमीटर. स्लायडर खाचेत घालून सरकवला तर लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला. विकणारे आजोबा म्हणाले, "डाव्या टोकाला दबलंय, बघून घ्या. नंतर परत आणू नका." नऊशे रुपये. उद्यमनगरात टोक ठीक करून, निकेल आणि वर क्रोम मारून आणखी सतराशे गेले. प्लेटिंगवाल्याला मुद्दाम सांगितलं, खाचेपाशी बफिंग, म्हणजे चाकावर घासून चकाकी आणणं, हलकं कर, घासून पाईप पातळ होतो.

हे लिहायचं मनात नव्हतं, लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात पुतण्यानं मोबाईल पुढं केला. नवी जाहिरात, विकणाऱ्याचं नाव वेगळं. 'येझदी हँडल, म्हैसूर फॅक्टरी स्टॉक.' दर सात हजार. खाली हिरवी मोझॅकची फरशी, कोपऱ्यात अर्धा दिसणारा पिवळा टब. मी दुसऱ्या नंबरवरून मेसेज टाकून विचारलं, कुठून मिळालं हे? पाच मिनिटांत फोन आला. या वेळी काका होते.